खड्याला लागलेलं डांबर

बहिणीचं, सुईचं, ते पत्र दादाला पाठ होतं. मुद्दाम पाठ केलं नव्हतं. नऊ वर्षांत इतक्या वेळा वाचलं गेलं की झालं. पुस्तकबांधणीतून उरलेल्या अस्तराच्या कागदावर तिनं ते पेन्सिलीनं लिहिलं होतं, आणि पहिले काही महिने त्याला तिच्या दुकानातल्या खळीचा आंबूस वास येत असे.

'दादा, आज माझा तो पोटातला खडा कोमट पाण्यात भिजत घातला होता. वजन म्हणून वापरते ना, त्याच्यावर खळीचा थर साचला होता. खळ निघाली आणि खाली डांबर निघालं. तांदळाएवढा ठिपका आहे. आजवर मी बरंच काय काय गिळलंय, पण रस्ता गिळल्याचं आठवत नाही. भाऊला विचारलं तर तो हसेल, ह्यांना विचारलं तर हे घाबरतील. म्हणून तुला विचारते. माझ्यातनं काय काढलं? तू लिहिशील ते मी खरं मानीन. उत्तर आलं नाही तर समजेन की सांगण्यासारखं काही नाही.'

उत्तर लिहायला दादा त्याच दिवशी बसला होता. तो मुद्रितशोधक. चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सरळ करण्यात गेलेली, त्यामुळे स्वतःचं वाक्य त्याला पहिल्या फटक्यात कधी पटायचं नाही. पहिला मसुदा कोरडा झाला, दुसरा रडका. तिसऱ्यात 'कर्करोग' हा शब्द आला. तो शब्द पाकिटातून निघून सुईच्या टेबलावर, कात्री आणि दोऱ्याच्या रिळांशेजारी पडलेला त्याला दिसला, आणि त्यानं कागद फाडला. मग महिना गेला. मग पत्रातली शेवटची ओळ त्याला सोयीची वाटू लागली. सोयीची वाटते आहे हे कळत असूनही त्यानं ती धरून ठेवली.

आज ते पत्र त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं, आणि तो इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, डॉक्टरांच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. पुढे तिघं होते. सुईचा नवरा, जमीनमोजणीतून निवृत्त झालेला, त्याला सगळं घर मोजणीदारच म्हणायचं. तिची मुलगी, मोटार चालवायला शिकवणाऱ्या शाळेत शिकवणारी. आणि भाऊ, तिघा भावंडांतला धाकटा, बाबांच्या मागे छापखाना एकट्यानं ओढणारा.

डॉक्टर बाई पस्तिशीच्या आतबाहेरच्या होत्या आणि फार सावकाश बोलत होत्या. आठ महिने सुईला शौचाला काळं होत होतं. तिच्या गावच्या डॉक्टरांनी अल्सर म्हणून गोळ्या दिल्या. कारण तिनं त्यांना आधीच्या आजाराचं काय सांगितलं, तर एक मूत्रपिंड खड्यापायी काढलंय. अंगातलं रक्त पाचावर आलं, ती दुकानात उभ्या उभ्या पडली, तेव्हा तिला इथं आणलं. इथं रक्ताच्या चार पिशव्या चढल्या, दुर्बीण घालून पोट बघितलं, गाठ दिसली, तिचा तुकडा काढला. त्या तुकड्यातल्या पेशी जठराच्या निघाल्या नाहीत. मूत्रपिंडाच्या निघाल्या.

मुलीला वाटलं डॉक्टरांची काहीतरी गफलत झाली. तिनं समजावून सांगितलं की आईचं ते मूत्रपिंड अकरा वर्षांपूर्वीच काढलंय, खडा होता.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी एकामागून एक तिन्ही पुरुषांकडे बघितलं.

जुन्या इस्पितळातून कागद काल आले, त्या म्हणाल्या. तेव्हाही कर्करोगच होता. या जातीचा कर्करोग चिवट असतो. दहा दहा, पंधरा पंधरा वर्षं गप्प बसतो आणि मग भलतीकडे उठतो. बहुतेक वेळा फुप्फुसात, हाडात. पोटात आणि आतड्यात क्वचित, पण जातो. यांच्या जठरात एक गाठ आहे आणि लहान आतड्यात दुसरी. रक्त दुसरीतून जातंय. आतड्याचा तेवढा भाग कापून टोकं जोडता येतील, म्हणजे रक्त थांबेल. पुढे गोळ्या. गोळ्यांनी तो दबतो, मुळासकट जात नाही.

"काल त्यांनी मला एक खडा दाखवला," त्या म्हणाल्या. "हा माझ्यातून काढला, म्हणाल्या. तुमच्यापैकी कोणी दिला त्यांना?"

मोजणीदार आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. भाऊनं चष्मा काढून पुसला.

"उद्या दहाला मी त्यांच्याकडे सही घ्यायला जाणार. ज्या बाईच्या पोटावर सुरी चालवायची तिला कशासाठी ते माहीत पाहिजे. मी सांगेन. आधी घरच्या कोणी सांगितलं तर बरं. आजचा दिवस आहे तुमच्याकडे."

खाली उपाहारगृहात भाऊनं सगळ्यांसाठी चहा आणला, कारण काहीतरी आणणं हे त्याचं लहानपणापासूनचं काम होतं. भाचीनं कपाला हात लावला नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर एक माणूस पेपरातलं कोडं सोडवत होता आणि भाऊला त्या माणसाचा हेवा वाटला.

खडा कोणी दिला हे त्यानं स्वतःच सांगितलं. लपवण्यात आता काय राहिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेनंतर सुई शुद्धीवर आली आणि तिनं पहिली गोष्ट मागितली ती खडा. बघू तरी केवढा होता, म्हणाली. मोजणीदाराच्या कपाळाला घाम फुटला, दादा खिडकीकडे वळला. मग भाऊ आत्ता आणतो म्हणून बाहेर पडला. गाडीतळावर खडी पसरलेली होती. त्यानं तिथं उकिडवं बसून पंधरा-वीस खडे हातात घेऊन टाकले. गुळगुळीत नको, कोणाला पटणार नाही. फार मोठा नको, ती घाबरेल. शेवटी जांभळाच्या बीएवढा एक सापडला. नळाखाली धुतला, औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातला. सुईनं बाटली उजेडात धरून बघितली आणि हसली. एवढाच, म्हणाली. त्या हसण्यावर भाऊ अकरा वर्षं खूश होता. खरं म्हणजे आजही होता.

"मामा, तुम्ही रस्त्यावरची खडी दिलीत तिला," भाची म्हणाली.

"धुऊन दिली."

हे बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच ते कसं वाटलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. पण तो मागे हटणाऱ्यांतला नव्हता. त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली, की बाबांनी छापखान्यात पन्नास वर्षांत एकदाही शुद्धिपत्र लावलं नाही. छापून गेलेल्या पुस्तकात चूक सापडली तर दादा तोंड पाडून त्यांच्याकडे जायचा, आणि बाबा म्हणायचे, वाचणाऱ्याला दिसली तर दिसेल, आपण बोट दाखवायला जायचं नाही. चिठ्ठी चिकटवली की माणूस पुस्तक न वाचता चिठ्ठीच वाचतो. सुईचंही तसंच झालं असतं. तिनं आयुष्य न जगता चिठ्ठी वाचली असती.

"अकरा वर्षं तिनं दुकान चालवलं. तुझी पोरं वाढवली. रात्रीची शांत झोपली. कशावर? त्या खडीवर. खरं सांगितलं असतं तर दर वर्षी मेली असती."

"आठ महिने रक्त गेलं तिचं, मामा. त्याच खडीवर."

भाऊनं साखरेची पुडी फोडली आणि चहात घालायची विसरला.

मुलीला आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या पायाखाली ब्रेक सापडत नव्हता. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायची तिला चौदा वर्षांची सवय. तिच्या बाजूला एक जादा ब्रेक असे आणि समोरच्यानं काहीही केलं तरी शेवटचा पाय तिचा. आईच्या आजारातही आपण शेजारच्या सीटवर आहोत असं ती समजून चालली होती. तेव्हा तिचं दुसरं बाळंतपण होतं, तिलाही खडाच सांगितला गेला. म्हणजे अकरा वर्षं ती मागच्या सीटवर होती आणि पुढे हे तिघे होते.

तिनं वडिलांना विचारलं की जुन्या इस्पितळानं पुढच्या तपासण्यांचं काही सांगितलं नव्हतं का. मोजणीदार म्हणाला, सांगितलं होतं, दर वर्षी या म्हणाले होते, कार्डं यायची. ती कार्डं तो मोजणीच्या फितीच्या जुन्या चामडी डब्यात ठेवायचा, तो डबा सुई उघडत नसे. दोनदा नेलं तिला, पुन्हा खडा होऊ नये म्हणून बघतात असं सांगून. तिसऱ्या वर्षी ती नाही म्हणाली.

"का नाही म्हणाली?"

"काही बोलली नाही. नको म्हणाली फक्त."

"आणि तुम्ही सोडून दिलंत."

"मला बरं वाटलं," मोजणीदार म्हणाला. "खोटं बोलायचं एक वर्ष वाचलं."

त्यावर ती रडली असती, पण रडायला तिला एक तरी माणूस आपल्या बाजूचा हवा होता. ती मोठ्या मामाकडे वळली. लहानपणी शाळेच्या निबंधातली चूक कोणी दाखवली तर हाच माणूस दाखवायचा; बाकी सगळे छान आहे म्हणायचे. तिनं त्याला सांगितलं की मोठे मामा, तुम्ही चला माझ्याबरोबर, आपण दोघं वर जाऊन आईला सांगू, तुमचं ती ऐकेल. तुम्ही नुसते गप्प होता, खोटं बोलला नव्हता.

दादाचा हात कोटाच्या आतल्या बाजूला गेला आणि तिथंच थांबला.

"सांग की," भाऊ म्हणाला. एकट्यानं मार खाणं त्याला आता जड झालं होतं. "दादालाच विचार ना. त्याला पत्र आलं होतं तिचं. मला छापखान्यात आणून दाखवलं, काय लिहू म्हणून. मी म्हटलं काही लिहू नकोस. त्यानं माझं कधी ऐकलं नाही आयुष्यात, पण तेवढं ऐकलं."

दादानं पत्र काढून टेबलावर ठेवलं. घड्यांच्या ठिकाणी कागद फाटायला आला होता. तिनं ते दोनदा वाचलं. डांबराच्या ओळीवर तिला हसू फुटलं, आईचा आवाज इतका स्वच्छ ऐकू आला, आणि पुढच्याच क्षणाला तिनं पत्र मामाच्या दिशेनं सरकवलं, उष्टं ताट सरकवावं तसं.

"यांनी निदान खडा शोधायला तरी कष्ट घेतले," ती म्हणाली. "तुम्ही तेवढंही नाही केलंत."

यानंतर जे झालं त्याची तिला पुढे लाज वाटत राहिली. उठून सरळ वर जायला हवं होतं. ती उठली, लिफ्टपर्यंत गेली, बटण दाबलं, लिफ्ट आली आणि गेली. दाराच्या स्टीलमध्ये तिला आपला चेहरा दिसला आणि तो चेहरा घेऊन आईसमोर उभं राहणं तिला जमेना. ती परत आली, बसली, आणि भाऊकडे न बघता म्हणाली की डॉक्टरांना विचारून बघायचं का, सांगायचं ते शस्त्रक्रियेनंतर सांगा म्हणून. आता तिच्यात ताकद नाही.

भाऊनं विजयानं मान हलवली नाही, एवढं त्याच्याकडून झालं.

मग बोलला तो मोजणीदार, ज्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या बांधांवर उभं राहून, दोन्हीकडच्या शिव्या खात, फीत जिथं पडेल तिथं खुंटी मारली होती, आणि घरी आल्यावर मात्र कधी कुठली रेघ ओढली नव्हती. तो म्हणाला की त्याला आता हे झेपत नाही. रोज तिच्या उशाशी बसायचं आणि तिनं विचारायच्या आधी विषय बदलायचा. उद्या दहाला परकी बाई तिला सांगणार आणि ती आपल्या तोंडाकडे बघणार. ते त्याला बघवणार नाही. आजच सांगायचं.

"तुम्ही सांगाल?" भाऊनं विचारलं.

मोजणीदार साखरेची फोडलेली पुडी दुमडू लागला. मुलगी कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. भाऊनं चष्मा घातला.

आणि मग कोणी काही न ठरवता तिघांनीही दादाकडे बघितलं. सकाळपासून एकमेकांची तोंडं न बघणारी ती तीन माणसं एवढ्या एका गोष्टीवर एक झाली. पत्र त्याला आलं होतं. त्यानंच जावं.

सुईला खाटेवरून माणसं दिसायच्या आधी कळायची. खोलीत चार खाटा, तिची खिडकीजवळची. शेजारची बाई भर दुपारी घोरत होती. सुईच्या हातात रक्ताची नळी होती आणि नजर खाटेच्या पायाशी लटकवलेल्या आपल्या फायलीवर. फायलीची भोकं कडेच्या फार जवळ पाडली होती, दोरी कागद कापत चालली होती. कोणी दोन दिवस आपल्या हातात दिली असती तर नीट शिवून, पाठीला कापड लावून दिली असती. एवढ्या जाड फायलीला दोरी चालत नाही. आपली फाईल एवढी जाड झाली आहे हे तिला त्यावरूनच कळलं होतं.

सकाळी चौघं डॉक्टरांच्या खोलीकडे गेले तेव्हापासून कोणी आत आलं नव्हतं. नवरा दर अर्ध्या तासानं पाणी हवं का विचारायचा, तो आला नाही. लेक फोनवर ओरडताना ऐकू यायची, तीही नाही. आता दाराबाहेर पावलं वाजली आणि थांबली. बराच वेळ थांबली. असा दाराबाहेर उभा राहणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता. लहानपणी बाबांच्या खोलीबाहेर तो चुकलेलं पान हातात धरून असाच उभा राहायचा.

"ये," ती म्हणाली.

दादा आत आला आणि खुर्ची असताना उभाच राहिला.

"तुला पाठवलं का?"

"हो."

"चिठ्ठ्या टाकून, की एकमतानं?"

"एकमतानं."

"आपल्या घरात पहिल्यांदाच झालं म्हणायचं. बस."

तो बसला. बाजूच्या कपाटावर खडा होता, घडी घातलेल्या पेपरवर. डांबराची बाजू वर. दादानं तो आयुष्यात दुसऱ्यांदा बघितला. इतका लहान असेल असं त्याला आठवत नव्हतं.

"काल डॉक्टरच्या हातात दिला," सुई म्हणाली. "तिनं उलटा केला. डांबर लगेच दिसलं तिला, तरुण डोळे. मग तिनं तो खाली ठेवला. इतका हळू ठेवला, दादा, की मला कळलं. खरा असता तर टाकला असता टेबलावर."

दादा म्हणाला, "सुई, तो खडा..."

"थांब जरा. माझं आधी ऐक." तिनं उशी मागे सरकवायला सांगितली, त्यानं सरकवली. "तुझं उत्तर आलं नाही. मी तीन महिने पोस्टमनची वाट बघितली. मग म्हटलं, हा माणूस दुसऱ्याच्या पुस्तकातला एक काना चुकला तर रात्रभर झोपत नाही. आपल्या बहिणीच्या पोटात काही असतं आणि हा गप्प बसला असता? शक्य नाही. म्हणजे काही नाही. त्या वर्षी हे तपासणीला चल म्हणाले, मी गेले नाही. पुढेही गेले नाही. आणि आठ महिन्यांपूर्वी रक्त जायला लागलं तेव्हा डॉक्टरला सांगितलं, खडा होता."

शेजारच्या बाईचं घोरणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

नऊ वर्षांत दादानं स्वतःला बऱ्याच गोष्टींसाठी दोष दिला होता. भित्रेपणासाठी, आळसासाठी, शब्दांचा नको तेवढा कीस काढण्यासाठी. हे मात्र त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. आपण पाठवलं नाही म्हणजे तिच्याकडे काही पोचलं नाही, एवढंच तो धरून चालला होता. कोरा कागद त्याला निरुपद्रवी वाटायचा. तिनं तो कोरा कागद वाचला होता, त्याच्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्याप्रमाणे वागली होती.

"मलाही उत्तर नकोच असेल," सुई म्हणाली. "नाहीतर दुसरं पत्र लिहिलं असतं. पेन्सिली काय कमी होत्या दुकानात? पण ते माझं मी बघीन. तुझं तू बघ."

"आता सांगतो. सगळं सांगतो. म्हणून तर आलो."

"तोंडी नको."

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि डोळे मात्र तसेच होते, ज्या डोळ्यांमुळे बाबांनी तिचं नाव बदलून सुई ठेवलं.

"मी लिहून विचारलं होतं. लिहून उत्तर पाहिजे. आजाराचं काय ते उद्या डॉक्टर सांगेल, ते तिचं काम आहे, ती चांगलं करेल. सही मी करणार आहे, त्याची चिंता नको. तू तुझं लिही. आणि इथं आणून देऊ नकोस. पोस्टानं पाठव. घरच्या पत्त्यावर."

"घरी? अगं, पण तू इथे..."

"म्हणूनच. घरी गेल्यावर वाचीन. काहीतरी पाहिजे ना तिथं वाट बघणारं. दुकान काय, कोणीही उघडेल."

दादाला काही बोलायचं होतं, पण त्याचं वाक्य नेहमीप्रमाणे जमेना. तो उठला. दारापाशी गेल्यावर तिनं हाक मारली.

"भाऊला सांग, खडा निवडताना सगळ्या बाजूंनी बघायचा असतो. कागद घेताना बघतो तसा."

बाहेर ते तिघे बाकावर ओळीनं बसले होते. सांगितलं का, कशी आहे, रडली का, सगळं एकदम विचारून झालं. दादानं फक्त एवढं सांगितलं की तिला ठाऊक आहे, ती सही करणार आहे, आणि आता आत जा, तिला पाणी हवं असेल. मोजणीदार लगबगीनं उठला. मुलगी त्याच्या मागे गेली, दाराशी थबकली आणि मग आत गेली. भाऊ बसून राहिला. त्याच्याकरता निरोप होता. दादानं तो दिला नाही. उद्या देऊ म्हणाला मनाशी, आणि लगेच त्याला स्वतःच्या या 'उद्या'ची शिसारी आली. म्हणून वळला आणि शब्दाला शब्द सांगितला. भाऊ म्हणाला, "धुतला होता रे मी," आणि तोंड फिरवलं.

पोस्ट इस्पितळाच्या समोरच्या रस्त्यावर होतं. उभ्यानं लिहायची फळी, साखळीला बांधलेलं पेन, शाई सांडल्याचे डाग. दादानं दोन कोरे कागद आणि एक पाकीट घेतलं. पेटीवर पत्रं काढायची वेळ लिहिली होती, साडेचार. आता साडेचार वाजायला पंधरा मिनिटं होती. मसुदा करायला वेळ नव्हता. त्याच्या आयुष्यात बहुधा हेच व्हायला हवं होतं.

त्यानं लिहिलं:

'सुई, तुझ्या पत्राचं उत्तर. बाबांनी कधी लावू दिलं नाही, पण मला दुसरं काही लिहिता येत नाही, तेव्हा हे शुद्धिपत्रच समज.

खडा, असं सांगितलं गेलं. तिथं कर्करोग वाचावं. अकरा वर्षांपूर्वी, डावं मूत्रपिंड. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पुन्हा खडा होऊ नये म्हणून तपासणी, असं सांगितलं गेलं. तिथं तो परत येऊ शकतो म्हणून, असं वाचावं.

डांबर गाडीतळावरचं आहे. तुझी नजर बरोबर होती.

नऊ वर्षं माझं पत्र आलं नाही. तिथं, सांगण्यासारखं काही नाही, असं तू वाचलंस. तिथं, दादा घाबरला, असं वाचावं. फक्त तेवढंच होतं तिथं. तुझ्याबद्दल काही नव्हतं.

चुका छापणाऱ्याच्या आहेत. वाचणाऱ्याची एकही नाही.'

सही केल्यावर सवयीनं तो वरून वाचू लागला. दोन ठिकाणी अडखळला. 'फक्त तेवढंच' यात एक शब्द जास्त होता. कर्करोगापुढे 'वाचावं' हा शब्द निर्दय वाटला. दुसरा कागद कोरा होता. त्यानं पेन पुन्हा उचललं, आणि खाली ठेवलं. घडी घातली, पाकीट चिकटवलं, तिच्या घराचा पत्ता लिहिला, घराखालच्या दुकानाच्या पायऱ्यांची खूणसुद्धा.

बाहेर पेटीपाशी तो पाकीट फटीत अर्धं घालून उभा राहिला. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नसतं. मागून किल्ल्यांचा जुडगा वाजला. थैली खांद्यावर टाकलेला टपाल कर्मचारी आला होता.

"टाकताय का काका, की मी उघडू?"

दादानं बोटं सोडली. आत पत्रं बरीच असावीत, पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. माणसानं पेटी उघडली, सगळी पत्रं थैलीत ओढली आणि तो पुढच्या पेटीकडे निघून गेला. दादा रिकाम्या पेटीजवळ थांबला. पाठीमागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायचा असतो. तो त्यानं लिहिला नव्हता, मुद्दामच. घेणारं कोणी भेटलं नाही तर ते परत यायला जागा नको.